साफ, कॉम्पॅनियन, सिक्सर: शोभेच्या झाडांवर ही पावडर कुठे चालते, कुठे वाया जाते

गुलाबाच्या पानावर काळा ठिपका दिसो, सदाफुली मान टाको किंवा अँथुरियमचं पान कडेने करपो, नर्सरीत सल्ला बहुधा एकच मिळतो: "साफ मारा." यूपीएलचं साफ, इंडोफिलचं कॉम्पॅनियन, धानुकाचं सिक्सर ही नावं वेगळी असली तरी आतला माल एकच आहे. कार्बेन्डाझिम 12 टक्के आणि मॅन्कोझेब 63 टक्के, पाण्यात कालवायची भुकटी. हे परीक्षण त्या मिश्रणाचं आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही. पाकिटावर हेच दोन आकडे असतील तर पुढचं सगळं त्या पाकिटाला लागू होतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. पानांवरच्या काही बुरशीजन्य ठिपक्यांवर, रोग दिसायच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला वापरलं तर हे औषध स्वस्त आणि चांगलं आहे. पाण्यातून पसरणाऱ्या मूळकुजीवर त्याचा उपयोग नगण्य आहे. जिवाणूंवर तर काहीच नाही. दर आठवड्याला सवयीने मारलं तर ते हळूहळू स्वतःचीच धार घालवतं. नर्सरीत मरणारी बरीच झाडं नेमकी मूळकुजीने आणि जिवाणूंनी मरतात, त्यामुळे या पावडरीची कीर्ती आणि तिचं खरं काम यांत बरंच अंतर आहे.

दोन औषधं, दोन स्वभाव

मॅन्कोझेब हे स्पर्शजन्य औषध. पानावर त्याचा पातळ थर बसतो आणि त्या थरावर पडलेला बीजाणू रुजत नाही. ते पानाच्या आत शिरत नाही, त्यामुळे आत शिरलेल्या बुरशीला त्याचा त्रास नाही. बुरशीच्या पेशीत ते एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून साठेक वर्षं वापरूनही त्याला प्रतिकार करणाऱ्या बुरशी फारशा तयार झालेल्या नाहीत.

कार्बेन्डाझिम आंतरप्रवाही आहे. ते झाडात शिरतं, पण पाण्याबरोबर फक्त वरच्या दिशेला, पानाच्या टोकाकडे जातं. पानावर फवारलेलं कार्बेन्डाझिम मुळापर्यंत उतरत नाही. फवारणीने मुळं वाचतील ही आशा इथेच सोडून द्यावी. शिवाय त्याचा घाव एकाच जागी बसतो, बुरशीच्या पेशीविभाजनाला लागणाऱ्या ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनावर. तिथे एक छोटा जनुकीय बदल झाला की औषध निकामी होतं. या गटातल्या बेनोमिलला प्रतिकार करणारी भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी) ते बाजारात आल्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच सापडली होती, आणि पुढे करड्या बुरशीनेही तोच मार्ग धरला.

दोन्ही एकत्र करण्यामागचा हिशोब असा, की कार्बेन्डाझिमला न जुमानणारी बुरशी मॅन्कोझेबच्या थरावर अडेल. कागदावर हे बरोबर आहे. नर्सरीत मात्र रोज सकाळी पाइपने झाडांच्या डोक्यावरून पाणी घालतात. त्या पाण्याने मॅन्कोझेबचा थर झिजतो, नवीन फुटलेल्या पानांवर तर तो मुळात नसतोच. मग मैदानात उरतं एकटं कार्बेन्डाझिम, तेही थोडं. प्रतिकारक बुरशी निवडून वाढवायची असती तर याहून वेगळं काही करावं लागलं नसतं.

मात्रेचं गणितही एकदा करून पाहण्यासारखं आहे. लिटरला 2 ग्रॅम पावडर घेतली तर त्यात कार्बेन्डाझिम 0.24 ग्रॅम आणि मॅन्कोझेब 1.26 ग्रॅम येतं. नुसतं 50 टक्क्यांचं कार्बेन्डाझिम, म्हणजे बाविस्टीनसारखं औषध, लिटरला 1 ग्रॅम घेतात तेव्हा 0.5 ग्रॅम मिळतं. म्हणजे या मिश्रणात आंतरप्रवाही भाग नेहमीच्या निम्म्याहूनही कमी आहे. नुसतं 75 टक्क्यांचं मॅन्कोझेब 2 ग्रॅम घेतलं तर 1.5 ग्रॅम मिळतं, त्याच्या मात्र हे जवळपास पोचतं. तेव्हा हे मुख्यतः मॅन्कोझेब आहे, सोबत कार्बेन्डाझिमची फोडणी, असं समजून वापरलं तर अपेक्षा जागेवर राहतात.

जिथे पैसे वसूल होतात

गुलाबावरचे काळे ठिपके हे या पावडरीचं हक्काचं काम. डिप्लोकार्पॉन नावाची ही बुरशी पान सलग सात तास किंवा जास्त ओलं राहिलं तरच आत शिरते. ठिपक्याची कड झालरीसारखी पसरलेली दिसते, भोवती पान पिवळं पडतं आणि खालून वर पानगळ सुरू होते. बीजाणू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या कुंडीवर उडतात. गळालेली पानं कुंडीत आणि वाफ्यात तशीच राहिली तर पुढच्या पावसापर्यंत रोग तिथेच मुक्काम करतो. इथे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाआधी एक फवारणी, मग पावसाची उघडीप पाहून 10 ते 14 दिवसांनी दुसरी, एवढं केलं तर फरक उघड दिसतो. त्यानंतर तिसऱ्यांदा हेच मारू नये. क्लोरोथॅलोनिल 75 टक्के 2 ग्रॅम किंवा हेक्झाकोनॅझोल 5 टक्के 1 मिली प्रति लिटर असं गट बदललेलं औषध घ्यावं. ठिपके पडलेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत. औषध लागू पडलं की नाही हे फवारणीनंतर फुटलेल्या पानांवरून ठरवायचं.

शेवंतीच्या खालच्या पानांवर येणारे सेप्टोरियाचे काळपट डाग, ड्रेसिना आणि इतर पर्णशोभेच्या झाडांवरचा अँथ्रॅक्नोज (पानांवर करपल्यासारखे डाग पाडणारा बुरशीजन्य रोग), यांवरही काम समाधानकारक होतं. रोपांच्या ट्रेमध्ये जमिनीलगत खोड तपकिरी होऊन आवळल्यासारखं बारीक झालं आणि रोप आडवं पडलं तर ती बहुधा रायझोक्टोनिया ही बुरशी असते. त्यावर 2 ग्रॅमचं द्रावण ओतलं तर कार्बेन्डाझिमचा फायदा मिळतो.

झेंडूच्या करप्यावर मात्र हे मिश्रण घेण्यात अर्थ नाही. तो अल्टरनेरियामुळे येतो आणि कार्बेन्डाझिमचा या बुरशीवर परिणामच होत नाही. काम करतं ते सोबतचं मॅन्कोझेब. मग नुसतं मॅन्कोझेब 75 टक्के लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम घ्या. ते अधिक मिळेल आणि कार्बेन्डाझिम विनाकारण झिजणार नाही. भुरीचंही तसंच. गुलाबाचे कोवळे शेंडे पांढरे होऊन मुरडले तर पाण्यात मिसळणारं गंधक 80 टक्के 2 ग्रॅम प्रति लिटर हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. फक्त भर उन्हात, पारा 32-33 अंशांच्या वर असताना गंधक मारू नका, पानं भाजतात.

जिथे ते हरतं: पाण्यातली कूज

पिथियम आणि फायटोफ्थोरा यांना नर्सरीत सरसकट बुरशी म्हणतात, पण शास्त्राच्या दृष्टीने ते बुरशीच्या कुळातले नाहीत. कार्बेन्डाझिम त्यांना लागू पडत नाही. मॅन्कोझेब पानावर थोडंफार अडवतं, पण कुंडीतल्या मिश्रणात ओतलं तर मातीला आणि कोकोपीटला चिकटून बसतं, मुळापर्यंत पुरेसं पोचत नाही. त्यामुळे मूळकुजीवर "साफचं ड्रेंचिंग" केल्याने पैसे आणि वेळ दोन्ही जातात, आणि जो वेळ जातो त्यात शेजारच्या रांगेलाही कूज लागते.

लागते कशी, हे समजणं जास्त महत्त्वाचं. या जीवांचे बीजाणू शेपटीवाले असतात आणि साचलेल्या पाण्यात चक्क पोहतात. शेडनेटखाली काळ्या वीडमॅटवर (तण रोखणाऱ्या चटईवर) पिशव्या खेटून ठेवल्या आणि खाली पाणी साचलं, की एका पिशवीच्या भोकातून निघालेला बीजाणू दुसऱ्या पिशवीच्या भोकात शिरायला एक दुपार पुरे. म्हणून रोग गोल पट्ट्यात किंवा उताराच्या दिशेने पसरलेला दिसतो. झाडं अशी ओळीने मरत असतील तर फवारणीपंप खाली ठेवून आधी पाणी कुठे साचतंय ते बघा.

सदाफुली हे याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. पावसाळ्यात शेंडे राखाडी-हिरवे, उकडल्यासारखे होतात, दोनतीन दिवसांत काळपट पडतात आणि फांदी लोळते. मुळं उपटून बघावीत तर बऱ्याचदा पांढरी, ठणठणीत. त्यामुळे माणूस गोंधळतो आणि पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतो. हा फायटोफ्थोरा शिंतोड्याने वरून लागलेला असतो. जर्बेरात तो उलट गड्ड्याला लागतो. रोप खोल लावलं, गड्डा मातीत दबला, की पानं निस्तेज होतात आणि हलक्या हाताने ओढलं तरी अख्खा गड्डा वर येतो.

इथे चालणारी औषधं वेगळी आहेत. मेटालॅक्झिल-एम 4 टक्के अधिक मॅन्कोझेब 64 टक्के, म्हणजे रिडोमिल गोल्ड, लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम. किंवा फोसेटिल अॅल्युमिनियम 80 टक्के, म्हणजे अॅलिएट, 2 ते 2.5 ग्रॅम. सहा इंची कुंडीला 100 ते 150 मिली द्रावण मुळाशी पुरतं. कुंडीतलं मिश्रण आधी किंचित ओलं असावं, कोरड्या कोकोपीटवरून द्रावण कडेने निसटून जातं. फोसेटिल वर-खाली दोन्ही दिशांना जातं, म्हणून त्याची फवारणीही मुळांच्या कामी येते. नर्सरीत हा गुण फार कमी औषधांत मिळतो. मात्र ते ताम्रयुक्त औषधाबरोबर किंवा त्याच्या लगेच मागे-पुढे मारू नये, पानं जळतात. मेटालॅक्झिलही एकाच जागी घाव घालणारं आहे, तेव्हा एका हंगामात दोनदाच.

जिवाणूंपुढे कोरी पाटी

अँथुरियमच्या पानाच्या कडेला पाणी मुरल्यासारखा डाग, भोवती पिवळी कड, आणि पान उजेडासमोर धरलं की डाग अर्धपारदर्शक दिसतो. हा झॅन्थोमोनास. पहाटे पानांच्या कडेला जे पाण्याचे थेंब जमतात त्यातून तो आत शिरतो आणि फुलं-पानं कापणाऱ्या सुरीवरून झाडोझाड फिरतो. हवाईतली अँथुरियमची शेती 1980 च्या दशकात याच जिवाणूने खिळखिळी केली. डायफेनबेकिया आणि अग्लोनिमाच्या बुंध्याशी कुजका, उग्र वास येऊन खोड लिबलिबीत झालं तर ती मऊ कूज, तीही जिवाणूंचीच.

या दोन्हींवर साफ, कॉम्पॅनियन किंवा सिक्सर मारणं म्हणजे निव्वळ पाणी मारणं. कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के लिटरला 2.5 ग्रॅम घेतलं तर निरोगी झाडांवर पसरण्याचा वेग कमी होतो, पण लागलेलं झाड बरं होत नाही. ते कुंडी आणि मातीसकट बाहेर काढावं लागतं. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. अमोनियायुक्त नत्र जास्त दिलं की कोवळी, रसरशीत वाढ होते आणि जिवाणूंचं फावतं. युरियाचा हात आखडता घेतला तर फायदा होतो, आणि पैसेही वाचतात.

पाकीट फोडण्याआधीच्या चार तपासण्या

कुठलं औषध घ्यायचं हे पाच-दहा मिनिटांत बऱ्यापैकी कळू शकतं. मूळ चिमटीत धरून ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आतला बारीक दोरा हातात राहिला तर पिथियमचा संशय पक्का. मरगळलेल्या झाडाचं खोड तिरकं कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात टोक बुडवून स्थिर धरा. काही मिनिटांत दुधाळ धागा खाली ओघळला तर जिवाणूजन्य मर, त्यावर कुठलंही बुरशीनाशक नको. पानावर डाग आहे पण कारण कळत नाही तेव्हा ते पान ओल्या टिश्यूबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी पानाच्या खालच्या बाजूला करडी-पांढरी लव आली तर केवडा हा रोग, डागावर बारीक काळे ठिपके उठले तर पानावरची नेहमीची बुरशी. चौथी तपासणी नाकाची: कुजका, उग्र वास म्हणजे बहुधा मऊ कूज.

तरीही उलगडा होत नसेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना न्यावा. अर्धमेलं झाड मुळासकट, माती लागलेलं, कागदात गुंडाळून. पूर्ण वाळलेल्या झाडावर फक्त कुजक्यावर जगणाऱ्या बुरशी सापडतात, मूळ गुन्हेगार कधीच निघून गेलेला असतो.

कालवण्यात होणाऱ्या चुका

पावडर थेट पंपात टाकली की गोळे होतात आणि नोझल तुंबतं. आधी मगभर पाण्यात पातळ पेस्ट करावी, मग पंप अर्धा भरून ती गाळून ओतावी, मग उरलेलं पाणी. 15 लिटरच्या पंपाला 30 ग्रॅम. ही भुकटी विरघळत नाही, नुसती पाण्यात तरंगते आणि हळूहळू तळाशी बसते, म्हणून फवारताना पंप मधूनमधून हलवत राहावा लागतो. नाहीतर काही रांगांना फिकं आणि काहींना घट्ट औषध मिळतं. घट्ट औषध मिळालेल्या रांगेची पानं जळली की दोष औषधाला लागतो.

घरी दहा-वीस कुंड्या असतील तर 2 लिटर पाणी पुरतं, म्हणजे 4 ग्रॅम. 100 ग्रॅमच्या पाकिटात अशा 25 फवारण्या होतात. चमच्याने मोजू नका. चमचा सपाट की शिगोशीग यावर मात्रा दुप्पट-तिप्पट होते. 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा स्वस्तात मिळतो. तो फक्त याच कामाला ठेवा, स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

द्रावण कालवलं त्याच दिवशी संपवावं. बोर्डो मिश्रण, चुनखडी गंधक अशा अल्कधर्मी औषधांत मिसळू नये, दोन्ही घटक त्यात बिघडतात. पानं गुळगुळीत असतील, जसं अँथुरियम किंवा क्रोटॉनचं, तर सिलिकॉनयुक्त स्प्रेडर लिटरला 0.25 ते 0.5 मिली घालावा. जास्त घातला तर द्रावण ओघळून खाली जातं आणि थर पातळ पडतो. पानाच्या दोन्ही बाजू ओल्या व्हायला हव्यात, पण थेंब ओघळू लागण्याआधी थांबावं. फवारणीनंतर त्या दिवशी वरून पाणी नाही, मुळाशी द्या.

विक्रीच्या झाडांसाठी एक गैरसोय आहे. मॅन्कोझेबचा पिवळट थर पानांवर डागासारखा दिसतो आणि गिऱ्हाईक तोच रोग समजतं. गडद, चकचकीत पानांच्या झाडांवर विक्रीच्या आधीच्या दोन आठवड्यांत हे मारू नये.

रोगाच्या बुरशींना अडवणारी मित्रबुरशी म्हणून ट्रायकोडर्मा वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: ट्रायकोडर्मासुद्धा बुरशीच आहे आणि कार्बेन्डाझिम तिला मारतं. शेणखतात ट्रायकोडर्मा मुरवून कुंडीचं मिश्रण तयार करायचं आणि आठवड्याने त्यावर साफचं द्रावण ओतायचं हा उद्योग अनेक ठिकाणी चालतो. दोन्हींत किमान 15 ते 20 दिवसांचं अंतर ठेवा. कार्बेन्डाझिम गांडुळांनाही घातक आहे, तेव्हा गांडूळखताच्या बेडजवळ त्याचं पाणी जाऊ देऊ नका.

झाकलेला रोग

या प्रकारच्या औषधांचा सगळ्यात कमी बोलला जाणारा दोष म्हणजे ती रोग न संपवता लपवतात. औषधाचा असर असेपर्यंत डाग थांबतात, झाड विकलं जातं, गिऱ्हाइकाच्या गॅलरीत पंधरा-वीस दिवसांनी डाग पुन्हा उठतात. नर्सरी ते नर्सरी माल जातो तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. अमेरिकेत 2019 मध्ये फायटोफ्थोरा रॅमोरम लागलेली ऱ्होडोडेंड्रॉनची रोपं नर्सऱ्यांच्या मालातून अनेक राज्यांतल्या दुकानांत पोचल्यावर लक्षात आलं. शेकडो मैल प्रवास करणाऱ्या रोपावर नुसत्या डोळ्यांचा भरवसा किती ठेवावा, याचं ते उदाहरण आहे.

आपल्याकडे आंध्रातल्या कडियमहून, बेंगळुरूहून ट्रक येतात आणि उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या पट्ट्यातून माल पुढे राज्यभर जातो. आलेला माल किमान तीन आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या पाइपने पाणी देऊन ठेवावा, आणि या काळात त्यावर बुरशीनाशक मारू नये. हे वाचून अनेकांना उलटं वाटेल, पण रोग आहे की नाही हे त्याशिवाय दिसणारच नाही. आल्याआल्या "सेफ्टी म्हणून" एक फवारा मारणं ही सगळ्यात महागडी सवय आहे.

पावडरीआधीची कामं

जुन्या कुंड्या आणि प्रो-ट्रे पुन्हा वापरताना आधी माती घासून धुवायची, मगच जंतुनाशक. चिखल राहिला तर क्लोरीन चिखलातच खर्च होतं. 4 ते 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्यात 30 मिनिटं बुडवून मग स्वच्छ पाण्याने धुवा. हे ब्लीच टॉयलेट क्लीनरच्या आम्लाबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. छाटणीच्या कात्र्या दोन ठेवाव्यात, एक 70 टक्के अल्कोहोलमध्ये आणि एक हातात, झाड बदललं की कात्री बदलायची.

तळ्याचं किंवा परत फिरवलेलं पाणी वापरत असाल तर नोझलमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मुक्त क्लोरीन 2 पीपीएम (दहा लाख भागांत 2 भाग) असावं. टाकीत मोजून भागत नाही, पाइपातल्या शेवाळाने ते मधेच संपतं. फायटोफ्थोराचे पोहणारे बीजाणू एवढ्या क्लोरीनने मरतात. पिशव्या जमिनीवर न ठेवता लोखंडी जाळीच्या मांडवावर ठेवल्या आणि पाणी सकाळी लवकर दिलं, दुपारपर्यंत पानं वाळली, तर काळ्या ठिपक्यांना सात तासांचा ओलावा मिळतच नाही. एवढ्यावर फवारण्यांची संख्या खूप कमी होते. रोपमिश्रणाची माती एप्रिल-मेमध्ये ओली करून 25 मायक्रॉनच्या पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवली तर वाफेच्या यंत्राशिवायही बऱ्याच बुरशी आणि सूत्रकृमी कमी होतात. काळं प्लास्टिक घेऊ नका, त्याखाली माती तेवढी तापत नाही.

घेताना आणि ठेवताना

लेबलवरचं कोष्टक भात, भुईमूग, बटाटा, आंबा, द्राक्ष अशा शेतपिकांचं आहे, शोभेच्या झाडाची मात्रा त्यात शोधत बसू नका. नवीन जातीवर आधी पाच-सहा झाडांवर फवारून तीन दिवस थांबा, मग सगळ्यांवर. नर्सरीत प्लास्टिकच्या पुडीत सुटी बांधलेली पावडर घेऊ नका. कीटकनाशक कायदा 1968 खाली औषध परवान्याने आणि लेबलसकट विकायचं असतं, सुट्या पुडीवर बॅच नाही, तारीख नाही, विषबाधेवरचा उतारा नाही. आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत असेलच असं नाही.

युरोपीय संघात कार्बेन्डाझिमची मान्यता 2014 मध्ये संपली आणि मॅन्कोझेबची 2020 मध्ये नूतनीकरण नाकारून काढून घेण्यात आली. भारतात मे 2020 च्या बंदीच्या मसुद्यात 27 औषधांमध्ये दोन्ही होती, पण दुकानात ती अजून मिळतात. कार्बेन्डाझिम युरोपीय वर्गीकरणात प्रजननाला घातक गटात आहे, मॅन्कोझेब त्वचेला अॅलर्जी देतं. गरोदर बाईने हे कालवू नये, फवारू नये, आणि फवारलेली रोपं लगेच हाताळू नयेत. कालवताना नायट्राइल हातमोजे आणि मास्क हवाच. सगळ्यात जास्त धोका कोरडी पावडर उडते तेव्हा असतो. सुती रुमाल बांधून भागत नाही. बंद गॅलरीत फवारायचं असेल तर कुंडी गच्चीवर न्या. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा शेजारी असेल तर तो आधी हलवा.

मॅन्कोझेब ओलावा आणि उष्णतेने बिघडतं. पाकीट फोडल्यावर तोंड घट्ट बांधून, घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी, मुलांच्या हाताला येणार नाही असं ठेवा. शेडनेटखालच्या पत्र्याच्या कपाटात उन्हाळाभर ठेवलेली पावडर पुढच्या पावसाळ्यात वापरू नका. गोळे झालेली, उग्र वास येणारी पावडर कमी पैशात मिळाली तरी घेऊ नये. 20 कुंड्यांच्या घराला किलोचा पुडा स्वस्त दिसतो, पण तो मुदतीत संपणार नाही. 100 ग्रॅमचं पाकीट ग्रॅममागे महाग पडलं तरी तेच घ्या.